संथा, सबक आणि स्क्रीन : धार्मिक शाळेतल्या शिक्षकांना तंत्रज्ञान कसं शिकवावं

धार्मिक शाळेत प्रशिक्षण द्यायला आलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांतच मार खातो. आल्या आल्या तो प्रोजेक्टर जोडतो आणि ‘जग बदललंय, आपणही बदलायला हवं’ अशा अर्थाची स्लाइड दाखवतो. समोर बसलेल्यांपैकी कुणी तीस वर्षं संथा (गुरूने म्हणून दाखवून शिष्याकडून म्हणवून घ्यायचा पाठ) दिलेली असते, कुणी पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून कुराण पाठ करून घेतलेलं असतं, कुणी एकेका ओळीवरची चार-चार भाष्यं तोंडपाठ सांगू शकतं. त्या स्लाइडमधून त्यांना ऐकू येतं ते एवढंच, की तुमचं आजवरचं शिकवणं जुनं झालं. मग ते शांतपणे ऐकून घेतात, प्रमाणपत्र घेतात आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पद्धतीने वर्ग सुरू करतात. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

हा लेख प्रशिक्षण देणाऱ्यांसाठी आणि शाळा चालवणाऱ्यांसाठी आहे. वेदपाठशाळा, मदरसा, येशिवा (ज्यू धर्मशिक्षणाची शाळा), बौद्ध विहारातली शाळा, चर्चचे धर्मशिक्षणाचे वर्ग या सगळ्यांना लागू पडेल असंच यात घेतलं आहे. माझं म्हणणं सरळ आहे : यंत्रापासून सुरुवात करू नका, त्या शिक्षकाच्या पद्धतीपासून करा. त्या पद्धतीत कुठे खरोखर अडतं ते शोधा आणि तेवढ्याच जागी यंत्र आणा.

आधी दोन दिवस वर्गात मागे बसा

प्रशिक्षणाची तारीख ठरवण्याआधी हे करायचं. वही घेऊन मागच्या बाजूला बसायचं, मध्ये बोलायचं नाही. शिक्षक काय करतात ते टिपायचं : किती वेळ स्वतः म्हणून दाखवतात, किती वेळ मुलं म्हणतात, चूक झाली की लगेच थांबवतात की ओळ संपू देतात, एका मुलाच्या वाट्याला दिवसात किती मिनिटं येतात. ही शेवटची नोंद सगळ्यांत मोलाची. पंचवीस मुलं आणि दोन तास असतील, तर एकेकाला पाच मिनिटंही मिळत नाहीत. उरलेल्या वेळात मूल स्वतःशी काय घोकतंय आणि त्यात कोणती चूक पक्की होतेय, हे शिक्षकाला कळायला मार्ग नसतो.

मग शिक्षकांशी एकेकट्याने बोला. ‘तुम्हाला तंत्रज्ञान येतं का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर लाजेपोटी काहीतरी येतं. हे विचारा : कोणत्या कामाचा कंटाळा येतो? कोणती चूक सुधारायला सर्वांत जास्त वेळ जातो? मूल सुट्टीवरून परत येतं तेव्हा काय विसरून येतं? तुमच्या गुरूंचा आवाज रेकॉर्ड केलेला असता तर ऐकला असता का? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण क्षणभर गप्प होतात. बोलणं खरं तिथून सुरू होतं.

फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये लोक नवं साधन का स्वीकारतात याचा अभ्यास मांडला. साधन वापरायला सोपं वाटणं आणि त्याचा आपल्या कामाला उपयोग आहे असं वाटणं, या दोन गोष्टी त्यांनी तपासल्या. दुसरीचं वजन जास्त निघालं. आपली प्रशिक्षणं मात्र ‘बघा, किती सोपं आहे’ यावरच अडकलेली असतात. अवघड असलं तरी चालेल, पण कामाचं हवं.

चालतं काय, चालत नाही काय : हे त्यांनाच ठरवू द्या

हा टप्पा वगळला तर पुढचं सगळं वाळूवर उभं राहतं. धार्मिक शाळेत ‘हे करता येईल का?’ यासोबत ‘हे करावं का?’ हाही प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर देण्याचा अधिकार प्रशिक्षकाला नसतो. शाळेच्या ज्येष्ठांची एक बैठक घ्या, प्रश्न लिहून न्या आणि उत्तरं त्यांच्याकडून लिहून घ्या. सहसा पुढचे विषय निघतात.

पवित्र मजकूर पडद्यावर दाखवताना शुचितेचे नियम कसे पाळायचे? मोबाइलमधल्या कुराणाला हात लावताना वजू (हात-पाय-तोंड धुऊन करायची शुद्धी) हवं की नको, यावर विद्वानांची मतं एकसारखी नाहीत. तुमच्या शाळेत कोणतं मत चालतं ते विचारून घ्या. छापलेल्या कागदांचं काय? प्रशिक्षकाला हँडआउट वाटायची फार हौस असते. पण देवाचं नाव असलेला कागद ज्यू परंपरेत कचऱ्यात टाकत नाहीत, तो गेनिझात, म्हणजे अशा कागदांसाठी राखलेल्या जागेत, जपून ठेवतात आणि पुढे पुरतात. इतर परंपरांतही असे कागद पायदळी येऊ नयेत याची काळजी घेतात. म्हणून हँडआउटवर पवित्र ओळी छापूच नका, फक्त बटणांच्या पायऱ्या छापा.

वेळापत्रकही इथेच ठरतं. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, सनातनी ज्यू घरांत विजेची उपकरणं हाताळत नाहीत. वेदाध्ययनाला अनध्यायाचे, म्हणजे अध्ययन बंद ठेवण्याचे, दिवस असतात. रमजानमध्ये दिवसाचा क्रमच बदलतो. या दिवसांत ऑनलाइन गृहपाठाची मुदत टाकलीत तर तुम्ही शाळा पाहिलीच नाही असा त्याचा अर्थ होतो.

आणि चेहरा दिसेल असं चित्रीकरण, मुलींच्या आवाजाचं रेकॉर्डिंग, वसतिगृहातले फोन यांबद्दलचे निर्णय लेखी घ्या. फोनवर बंदी असलेल्या ठिकाणी मी एकच तोडगा चाललेला पाहिला आहे : शाळेच्या मालकीचा, सिमकार्ड नसलेला टॅबलेट, कपाटात कुलूपबंद, बाहेर काढताना शिक्षकाची सही.

या बैठकीत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, उपदेश न करता. ग्रंथांच्या अभ्यासात संगणक आणणाऱ्या पहिल्या लोकांत रोबेर्तो बुसा हे जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री होते. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसच्या लिखाणातल्या प्रत्येक शब्दाची सूची करायची म्हणून 1949 मध्ये ते आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. काम पंच कार्डांवर (भोकं पाडून माहिती साठवायच्या कार्डांवर) सुरू झालं आणि त्याचे 56 छापील खंड बाहेर पडायला 1970 चं दशक उजाडलं. ज्यू धर्मशास्त्रातल्या प्रश्नोत्तरांचा संगणकीय संग्रह 1963 पासून उभा राहत आला आहे. चिनी बौद्ध ग्रंथांचं संगणकीकरण करणारी सीबेटा ही संस्था तैवानमध्ये 1998 साली सुरू झाली. धर्माच्या अभ्यासकांना यंत्राचं वावडं कधीच नव्हतं. त्यांना गरज आधी दिसली, यंत्र नंतर आलं.

एकच साधन निवडा, आणि ते बहुधा आवाजाचं असेल

पहिल्या फेरीत एकच साधन. स्मार्ट बोर्ड, ऑनलाइन वर्ग, क्विझचं अ‍ॅप आणि हजेरीचं सॉफ्टवेअर एकदम आणलं की सगळीच धूळ खातात. पाठांतरावर उभ्या असलेल्या शाळेत माझी पहिली पसंती फोनमधल्या साध्या व्हॉइस रेकॉर्डरला असते. तो प्रत्येकाकडे असतो, इंटरनेट लागत नाही आणि शिक्षकाचं सर्वांत मोठं दुखणं, म्हणजे एकेका मुलाला मिळणारा तोकडा वेळ, त्यावर तो थेट काम करतो.

शिकवायचं ते असं. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर पाठाच्या मधोमध रिंग वाजते. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवा. अगदी समोर धरला तर ‘फ’ आणि ‘भ’ म्हणताना हवेचा फटका बसतो. पंखा बंद करा. मोकळ्या, फरशीच्या खोलीत आवाज घुमतो, त्यापेक्षा सतरंजी आणि पडदे असलेली खोली बरी. एक रेकॉर्डिंग दोन मिनिटांपेक्षा मोठं नको, कारण मोठी फाइल पुन्हा कुणी ऐकत नाही. फाइलला लगेच नाव द्या : तारीख, पाठ, मुलाचा क्रमांक. ‘न्यू रेकॉर्डिंग 47’ अशी शंभर नावं साचली की शिक्षक हात टेकतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. जागेची चिंता करणाऱ्यांना सांगा, साध्या एमपी3 मध्ये मिनिटाला साधारण 1 एमबी लागते.

शिक्षकाने आठवड्याचा पाठ आधी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायचा. हे महत्त्वाचं आहे. इंटरनेटवर नामवंतांची पठणं ढिगाने आहेत, पण मुलाला ज्याच्याकडून शिकायचं त्याचाच आवाज हवा. वेदाच्या शाखेनुसार, कुराणाच्या किराअतीनुसार (पठणाच्या परंपरेनुसार), अगदी गुरूनुसार धाटणी बदलते. भलत्याच पठणाची सवय लागली तर ती मोडायला शिक्षकालाच महिने जातात. स्वतःचा आवाज साठवला जातोय हे लक्षात आलं की यंत्र आपली जागा घेईल ही धास्तीही कमी होते.

दुसऱ्या फेरीत, ज्यांना रस वाटेल त्यांनाच, ऑडॅसिटी दाखवा. हे मोफत सॉफ्टवेअर 2000 सालापासून आहे आणि संगणकावर इंटरनेटशिवाय चालतं. त्यात आवाजाची लाट डोळ्यांना दिसते. वेदपठणात ह्रस्व स्वर एक मात्रा, दीर्घ दोन, प्लुत (आणखी लांबवलेला) तीन. तजवीदमध्ये, म्हणजे कुराणपठणाच्या नियमांत, मद्द (लांबवलेला स्वर) दोन, चार किंवा सहा हरकतींचा (मात्रांचा). मूल दीर्घ स्वर आखूड करतंय हे कानाला लगेच पटत नाही, पण गुरूंची लाट वर आणि मुलाची खाली ठेवली की फरक लपत नाही. चाल संथ करायची आणि सूर तोच ठेवायचा, अशीही सोय त्यात आहे. एरवी संगणकाकडे पाठ फिरवून बसणारे एक पाठक ही लाट पाहून खुर्ची पुढे ओढून बसले होते, आणि त्यांनी पहिल्यांदा तपासला तो स्वतःचाच आवाज.

पहिलं सत्र : दीड तास, त्यातला तासभर त्यांचे हात चालले पाहिजेत

सुरुवातीची दहा मिनिटं शाळेतल्याच एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाने बोलावं. बाहेरून आलेल्याने बोलायचं ते त्यानंतर. पुढची वीस मिनिटं प्रात्यक्षिक : एक शिक्षक खरा पाठ म्हणेल, दुसरा रेकॉर्ड करेल, सगळे ऐकतील. नाटकी उदाहरण नको, उद्याच्या वर्गातलाच पाठ घ्या.

मग तासभर जोड्यांमध्ये सराव. जोडी लावण्यासाठी नवी पद्धत शोधायची गरज नाही, ती या शाळांत आधीपासून आहे. येशिवात दोघं समोरासमोर बसून एकच पान एकमेकांना समजावतात, वाद घालतात. त्याला हवरुता म्हणतात. वेदपाठशाळेत पुढचा विद्यार्थी मागच्याकडून आवृत्ती करून घेतो. तिबेटी मठांत एक जण उभा राहून प्रश्न फेकतो आणि दुसरा बसून उत्तर देतो. शिक्षकांनाही तसंच बसवा. एक तरुण, एक ज्येष्ठ. पण फोन ज्येष्ठाच्याच हातात. तरुणाने फक्त तोंडाने सांगायचं. ‘द्या इकडे, मी करून देतो’ हे वाक्य पूर्ण बंद. ते एकदा उच्चारलं गेलं की ज्येष्ठ पुढच्या सत्राला येत नाहीत.

वयाने मोठ्यांना बटण शोधताना वेळ लागतो आणि शिष्यांसमोर चाचपडणं त्यांना अपमानाचं वाटतं. म्हणून प्रशिक्षणाच्या खोलीत विद्यार्थी नकोत. खोलीतलं मदतनीस मंडळही त्यांचे माजी विद्यार्थी नसलेलं बरं.

मजकूर पडद्यावर आणण्याआधी

इथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. एका शाळेत पाठाचा मजकूर मोठ्या झोकात पडद्यावर टाकला. फॉन्ट बरोबर नव्हता, स्वरचिन्हांच्या जागी ठिकठिकाणी रिकामे चौकोन. मागच्या रांगेतले एक वयस्कर शिक्षक उठले आणि एक अक्षर न बोलता बाहेर गेले. आपल्याला जी तांत्रिक गडबड वाटते, ती त्यांच्या दृष्टीने ग्रंथाची मोडतोड असते.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. ज्या यंत्रावर वर्ग होणार त्याच यंत्रावर, त्याच फाइलने, आदल्या दिवशी एका जाणकाराकडून ओळ न् ओळ तपासून घ्यायची. वैदिक स्वरचिन्हांसाठीचा वेगळा विभाग युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संचात) 2009 साली आला, पण त्यातली सगळी चिन्हं दाखवणारे फॉन्ट थोडेच आहेत. खात्री नसेल तर मजकूर टाइप करू नका, पोथीच्या पानाचा स्वच्छ फोटो किंवा पीडीएफ वापरा. कुराणाचा मजकूर लागला तर 2007 पासून चालणाऱ्या तन्झील प्रकल्पातला तपासलेला मजकूर घ्या, कुठल्या तरी संकेतस्थळावरून उचलू नका. पाली सुत्तांसाठी (बौद्ध सूत्रांसाठी) सुत्तासेंट्रल आहे, ज्यू ग्रंथांसाठी सेफारिया. तरीही तुमच्या शाळेची प्रत हीच प्रमाण.

पानाच्या मांडणीकडे बाहेरच्या माणसाचं लक्षच जात नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. मदिना छपाईच्या मुसहफमध्ये (कुराणाच्या प्रतीत) 604 पानं असतात, पानावर 15 ओळी आणि पान आयतीच्या (वचनाच्या) शेवटीच संपतं. हिफ्ज, म्हणजे कुराण पाठ, करणाऱ्या मुलाला आयत ‘उजव्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत’ अशी आठवते. अक्षर लहान-मोठं केलं की ओळी बदलणारं अ‍ॅप त्याच्या हाती दिलंत, तर तुम्ही त्याच्या पायाखालची फरशी उचकटलीत. तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या पानावर मधोमध मूळ मजकूर, आतल्या बाजूला राशी या भाष्यकाराचं भाष्य, बाहेरच्या बाजूला तोसाफोत ही नंतरची भाष्यं. कोण कुणाशी बोलतंय हे जागेवरून कळतं. अशा ग्रंथांसाठी पानाचं रूप जसंच्या तसं ठेवणारी फाइल वापरा. नाहीतर फोन उलटा करून स्टँडवर लावा आणि खाली उघडलेला ग्रंथच प्रोजेक्टरवर दाखवा. हा जुगाड ज्येष्ठांना फार आवडतो, कारण ग्रंथ हातात राहतो आणि बोट ओळीवरून फिरतं.

उजळणीची नोंद

हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये विस्मरणाचा आलेख मांडला. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, नंतर हळूहळू. अंतराअंतराने उजळणी केली तर टिकतं. हे तत्त्व वापरणारं अँकी नावाचं अ‍ॅप 2006 पासून आहे. पण हे शिक्षकांना ‘शोध’ म्हणून सांगायला जाऊ नका. मदरशात रोज सबक म्हणजे नवा पाठ, सबकी म्हणजे अलीकडच्या पाठांची उजळणी आणि मंजिल म्हणजे जुन्याची फेरी, असं चालत आलेलंच आहे. वेदपठणातल्या घनपाठात तीन शब्द पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा असे गुंफतात. शब्द गळला किंवा जागा बदलली तर गुंफण तिथेच अडते. पद्धत त्यांची पक्की आहे. अडतं ते नोंदीत. कोणत्या मुलाची कोणती मंजिल कधी झाली हे पंचवीस मुलांसाठी डोक्यात ठेवणं अशक्य.

म्हणून इथे एक साधी स्प्रेडशीट शिकवा. उभे रकाने पाच : मूल, पाठ, शेवटच्या उजळणीची तारीख, चुकांची संख्या, पुढची तारीख. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर पुढची तारीख तीन दिवसांनी, नाहीतर दहा दिवसांनी. आकडे शिक्षकाने आपल्या अनुभवाने बदलावेत. सूत्रं प्रशिक्षकाने आधी घालून द्यायची. शिक्षकाने फक्त तारीख आणि चुका भरायच्या. टायपिंग नको असेल तर तोच तक्ता कागदावर छापून भरा आणि शनिवार-रविवार न पाहता शाळेला सोयीच्या दिवशी कुणीतरी संगणकात चढवा. अर्धं काम कागदावर झालं म्हणून बिघडत नाही.

चॅटबॉट : खोलीतच चूक पकडू द्या

हा विषय टाळला तरी विद्यार्थी टाळत नाहीत. एक सत्र ठेवा. प्रत्येक शिक्षकाने आपल्या प्रावीण्याच्या विषयातले पाच प्रश्न चॅटबॉटला विचारायचे, संदर्भ मागायचा आणि ग्रंथ उघडून पडताळायचा. अस्तित्वातच नसलेले श्लोक, हदीसचे (पैगंबरांच्या वचनांचे) चुकीचे क्रमांक, एका भाष्यकाराचं मत दुसऱ्याच्या तोंडी, असं काही ना काही सापडतंच. उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने आणि गोड भाषेत येतं, ही त्यातली मेख. हा सराव शिक्षकाला परीक्षकाच्या जागी बसवतो. पुढे तोच सराव ते मोठ्या विद्यार्थ्यांकडून करून घेऊ शकतात. भाषांतराचा कच्चा खर्डा, प्रश्नपत्रिकेतले सोपे प्रश्न, पालकांना पाठवायचं पत्र इथे या यंत्राची मदत घ्यायला हरकत नाही. धर्मनिर्णय मात्र त्याला विचारायचा नाही, हे ज्येष्ठांच्या त्या पहिल्या बैठकीतच लिहून घ्या.

मुलांच्या आवाजाची रेकॉर्डिंग चॅटबॉटवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात जाऊ देऊ नका. पालकांची लेखी संमती घ्या, फाइली शाळेच्याच पेनड्राइव्हवर ठेवा आणि शाळेचं सत्र संपलं की पुसा.

कार्यशाळा संपल्यावर खरं काम

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी 1980 मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाचे पाच घटक मांडले : सिद्धांत, प्रात्यक्षिक, सराव, प्रतिसाद आणि प्रत्यक्ष वर्गात सोबत. पहिल्या चारांनी माहिती आणि कौशल्य येतं. ते रोजच्या वर्गात उतरायला पाचवं लागतं. शाळांचा पैसा आणि उत्साह मात्र पहिल्या दोनांतच संपतो. सहा सत्रांचा खर्च हाती असेल तर कार्यशाळा दोनच घ्या आणि उरलेले चार दिवस वर्गात शिक्षकासोबत बसण्यासाठी राखा.

सोबत म्हणजे तपासणी नव्हे. पहिल्या आठवड्यात प्रशिक्षकाने फक्त वायरी, चार्जर आणि आवाज सांभाळायचा, शिक्षकाने शिकवायचं. दुसऱ्या आठवड्यात हे काम सोबतच्या शिक्षकाकडे. वर्ग संपल्यावर दहा मिनिटं बोलायचं : कुठे वेळ वाचला, कुठे उलट गेला. वेळ गेला असेल तर ती पायरी बिनदिक्कत काढून टाका. एका शिक्षकाने मला सांगितलं की रेकॉर्डिंगमुळे मुलं त्यांच्याकडे पाहायची थांबली, कानांनीच शिकू लागली. ओठ-जिभेची ठेवण बघत नव्हती. त्यांनी नव्या पाठासाठी रेकॉर्डर बंद केला, उजळणीसाठी ठेवला. हा निर्णय माझ्या कोणत्याही सत्रापेक्षा नेमका होता.

मोजमाप करायचंच असेल तर ‘टॅबलेट किती तास वापरला’ हे मोजू नका. सुरुवातीला प्रत्येक मुलाच्या एका पानावर किती चुका होतात ते मोजून ठेवा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा. शिक्षकाचा नोंदी ठेवण्यात जाणारा वेळही विचारा. आकडे हलले नाहीत तर साधन बदला. शिक्षकाला दोष देण्याआधी हे करून पाहा.

जाताना प्रत्येक खोलीत एक कागद लावून जा, मोठ्या अक्षरांत, शिक्षकांच्याच भाषेत आणि त्यांनी स्वतः सांगितलेल्या क्रमाने : काळी वायर कुठे, बटण कोणतं, आवाज आला नाही तर काय पाहायचं, आणि वीज गेली तर पाठ कुठून पुढे न्यायचा.